‘पोदेरोसा’चे दोन महिने : एका जुन्या मोटरसायकलीच्या लांब प्रवासाचा नियोजन-अभ्यास

ब्वेनोस आयरेसहून ४ जानेवारी १९५२ रोजी दक्षिणेकडे निघालेली १९३९ सालची एक नॉर्टन मोटरसायकल मार्चच्या आरंभी चिलीच्या राजधानीत, सँतियागोला, पोहोचली. पण ती स्वतःच्या चाकांवर नव्हे, तर ट्रकमध्ये चढवून. तिथेच तिला कायमचे सोडून देण्यात आले. तिच्यावर बसून निघालेले दोघे मात्र थांबले नाहीत. ट्रक, जहाज, तराफा आणि विमान असे मिळेल ते साधन पकडत ते जुलैमध्ये व्हेनेझुएलातील काराकासला पोहोचले. त्यांतला एक तेवीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी अर्नेस्टो गव्हेरा, पुढे ‘चे’ म्हणून जगाला माहीत झालेला. दुसरा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा जीवरसायनशास्त्रज्ञ आल्बेर्तो ग्रानादो. गाडी ग्रानादोची होती आणि तिचे नाव होते ‘ला पोदेरोसा – दुसरी’. पहिली ‘पोदेरोसा’ म्हणजे त्याची जुनी सायकल.

या प्रवासावर आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक सगळे गव्हेराच्या पुढच्या राजकीय आयुष्याच्या प्रकाशात लिहिले गेले आहे. प्रस्तुत टिपणात तो प्रकाश बाजूला ठेवून हा प्रवास केवळ नियोजनाचे एक प्रकरण म्हणून तपासायचा आहे : बारा-तेरा वर्षे वापरलेली एक-सिलिंडरची गाडी, दोन स्वार, अपुरे पैसे आणि समोर अख्खे खंड. अशा मोहिमेच्या अपयशाचे खापर सहसा गाडीच्या वयावर फोडले जाते. माझे मत वेगळे आहे. या गाडीचा घात तिच्या वयाने केला नाही. तिच्यावर किती ओझे लादले गेले आणि ते नेमके कुठे लादले गेले, याने केला. वयाने फार तर त्या घाताला हातभार लावला.

गाडी आणि तिची क्षमता

बर्मिंगहॅमच्या नॉर्टन कंपनीची ही गाडी सर्वसाधारणपणे ‘मॉडेल १८’ म्हणून ओळखली जाते. या मॉडेलच्या सिलिंडरचा व्यास ७९ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १०० मिलिमीटर. म्हणजे ‘पाचशे’ म्हणवली जाणारी ही गाडी प्रत्यक्षात ४९० सीसीची. इग्निशन मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातून स्वतःच ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, चालणारे असल्याने बॅटरी बसली तरी इंजिन सुरू होते. गिअरबॉक्स चार गिअरचा, इंजिनापासून वेगळा, अॅल्युमिनियमच्या ओतीव कवचातला. पुढे स्प्रिंग असलेला जुन्या पद्धतीचा गर्डर फोर्क. मागच्या चाकाला मात्र त्या पिढीच्या बहुतेक मोटरसायकलींप्रमाणे सस्पेन्शन नाही; आसनाखालच्या स्प्रिंगा तेवढ्या स्वाराच्या पाठीची काळजी घेतात, सामानाची आणि सांगाड्याची घेत नाहीत.

अशी गाडी लांब पल्ल्याला अयोग्य असते, असे म्हणता येणार नाही. हळू फिरणारे, लांब धावेचे इंजिन कमी प्रतीच्या पेट्रोलवरही चालते, आणि त्यातले बहुतेक काम चार पाने व एक स्क्रूड्रायव्हर असलेला माणूस रस्त्याच्या कडेला बसून करू शकतो. ग्रानादो असा माणूस होता. अडचण एवढीच, की ब्रिटिश गाडीच्या नट-बोल्टांचे आटे आणि मापे मेट्रिक नसतात. लहान गावातल्या कार्यशाळेत हरवलेल्या बोल्टच्या जागी दुसरा बोल्ट सहजासहजी बसत नाही, आणि मग तार वापरावी लागते. ग्रानादोचा तारेवरचा विश्वास या प्रवासाच्या हकिगतीत वारंवार डोकावतो. एका रात्रीपुरता तो उपाय उत्तमच असतो. पण तार ताण घेते, दाब आणि कातर घेत नाही. बोल्टने घट्ट आवळलेले दोन भाग एकत्र काम करतात, तर तारेने बांधलेले दोन भाग एकमेकांवर घासतात आणि त्यांची भोके दर दिवशी थोडी मोठी होत जातात. जुन्या गाडीवर निघणाऱ्याने तारेऐवजी आपल्याच गाडीच्या आट्यांचे मूठभर बोल्ट बरोबर घेतले, तर त्यांचे वजन तारेच्या भेंडोळ्याहून जास्त होत नाही.

ओझ्याचा हिशेब

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून तो आकड्यांत मांडतो. हे आकडे मोजलेले नसून ढोबळ अंदाजाचे आहेत. पण त्यांतून दिसणारी दिशा अंदाज थोडाफार बदलला तरी बदलत नाही.

गाडीचे वजन १७५ किलो धरू आणि त्यातले ८० किलो पुढच्या चाकावर येते असे मानू. दोन चाकांच्या आसांमधले अंतर १.४ मीटर. ६५ किलोचा चालक मागच्या आसाच्या सुमारे ५५ सेंटिमीटर पुढे बसला, तर त्याच्या वजनातले २५ किलो पुढच्या चाकावर जाते. एकट्या चालकासह गाडी २४० किलोची होते. पुढच्या चाकावर १०५, मागच्यावर १३५. म्हणजे पुढे ४४ टक्के भार, आणि या अवस्थेत ती गाडी आपल्या रचनाकाराला ओळखीची असते. आता मागे ७० किलोचा दुसरा स्वार बसवू. तो जवळपास मागच्या आसावरच बसतो, त्यामुळे त्याच्या वजनातले पुढच्या चाकाला काहीच मिळत नाही. त्याच्या मागे कॅरिअरवर तंबू, अंथरुणे, कपडे आणि भांडी मिळून ४० किलो सामान बांधू. त्याचा मध्य आसाच्या ३० सेंटिमीटर मागे गेला, की तरफेच्या नियमाने ते पुढच्या चाकावरचे साडेआठ किलो उचलून घेते. एकूण वजन ३५० किलो. पुढे जेमतेम ९७, मागे २५३. पुढच्या चाकाचा वाटा ४४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला आणि मागच्या चाकावरचा भार जवळपास दुप्पट झाला.

वाळूत किंवा सुट्या खडीवर नेमके काय होते, ते या दोन आकड्यांवरून समजते. हलके झालेले पुढचे चाक वळवल्यावर जमिनीत पकड घेत नाही. ते भरकटते, चालक हँडल आणखी वळवतो, आणि एका क्षणी चाक अचानक पकड घेते तेव्हा गाडी आडवी होते. अटलांटिक किनाऱ्याच्या वाळूपासून पुढे पॅटागोनियाच्या कच्च्या रस्त्यांपर्यंत हे दोघे सारखे पडत राहिले, त्यामागे चालकाचे कौशल्य कमी होते असे मानण्याची गरज नाही. दुसरीकडे मागच्या चाकाचे टायर, ट्यूब आणि स्पोक दुप्पट भाराखाली, सस्पेन्शनशिवाय, खड्ड्यांचे धक्के घेत होते. पंक्चर ही या प्रवासाची रोजची कटकट झाली, ती याच कारणाने. धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हेही इथे लक्षात घ्यायला हवे : ताशी ६० ऐवजी ताशी ४२ किलोमीटरने गाडी चालवली, तर तोच खड्डा अर्ध्या ऊर्जेने आदळतो. वेग कमी करणे हा ओझे कमी करण्यानंतरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तरुणांना तो सर्वांत महाग वाटतो.

प्रत्येक पडण्याची आणखी एक किंमत असते आणि ती उशिरा वसूल होते. साडेतीनशे किलोची गाडी कुशीवर आदळते तेव्हा फुटपेग, गिअरचा दांडा आणि त्यांना धरून ठेवणारे ओतीव भाग धक्का पितात. ओतीव अॅल्युमिनियम वाकत नाही. त्याला आधी बारीक चीर जाते आणि पुढे कधीतरी ते फुटते. चिलीमध्ये, लाउतारोजवळ, एका पडण्यात गिअरबॉक्सचे कवच फुटले आणि स्टिअरिंगचा एक भागही तुटला. तेलाने माखलेले जुने ओतीव अॅल्युमिनियम गॅसने जोडणे हे त्या काळी चांगल्या कारागिराचीही परीक्षा पाहणारे काम होते, कारण धातूच्या छिद्रांत मुरलेले तेल उष्णतेने बाहेर येते आणि जोड सच्छिद्र राहतो. शिवाय कवच थोडेसे जरी वेडेवाकडे जुळले, तरी आतल्या शाफ्ट एकमेकांशी समांतर राहत नाहीत. दुरुस्तीनंतर गाडी निघाली. पण मालेकोच्या परिसरातल्या चढावर तिने मान टाकली. याच टप्प्यात एका उतारावर ब्रेकनेही दगा दिला होता. पुढे चिलीतलेच लोस आंखेलेस आणि तिथून सँतियागो हे अंतर तिने ट्रकमध्ये कापले.

दोन वर्षांपूर्वीची दुसरी फेरी

तुलनेसाठी त्याच चालकाचा एक वेगळा प्रवास हाताशी आहे. १ जानेवारी १९५० रोजी गव्हेरा सायकलला ‘मिक्रॉन’ नावाचे छोटे इंजिन लावून एकटाच उत्तर अर्जेंटिनात फिरायला निघाला. या फेरीची लांबी साधारण साडेचार हजार किलोमीटर सांगितली जाते. फेरी पूर्ण झाली. परतल्यावर त्याने इंजिन दुरुस्तीला पाठवताना विक्रेत्यांना पत्र लिहिले, त्यात इंजिनाने सगळीकडे चोख काम केल्याचे आणि शेवटी शेवटी तेवढे कॉम्प्रेशन कमी झाल्याचे कळवले. विक्रेत्यांनी ते पत्र त्याच्या छायाचित्रासह जाहिरातीत वापरले.

एकच स्वार, त्याच देशातले रस्ते आणि कितीतरी दुबळे इंजिन. तरीही मोहीम तडीस गेली. याचे श्रेय इंजिनाच्या थोरवीला देण्याचे कारण नाही. एकटा माणूस, पाठीशी थोडे सामान आणि सायकलच्या वेगाने घेतलेले धक्के, एवढ्याने सगळा हिशेब बदलतो. इंजिन बंद पडले तर पेडल मारता येते. पेडल मारता येत नसेल तर गाडी हाताने ढकलता येते. ढकलणेही अशक्य झाले तर ती उचलून ट्रकवर टाकायला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही. १९५८ साली आलेल्या ४९ सीसीच्या होंडा सुपर कबने पुढे याच गुणांवर जग जिंकले, आणि २०१७ पर्यंत त्या मालिकेचे उत्पादन दहा कोटींवर गेले.

पर्यायी योजना : दोन लहान गाड्या

म्हणून १९५१ च्या ऑक्टोबरात, हा बेत ठरत असताना, कुणी सल्ला विचारला असता तर दोघांसाठी दोन हलक्या गाड्या घ्याव्यात असे सुचवणे योग्य ठरले असते. काल्पनिक उदाहरण नको म्हणून त्या वेळी प्रत्यक्ष बाजारात असलेली गाडी घेऊ : १९४८ पासून बनणारी १२३ सीसीची बीएसए बँटम. ही गाडी मुळात जर्मन डीकेडब्ल्यू आरटी १२५ चीच ब्रिटिश आवृत्ती. वजन सत्तर किलोच्या आसपास. म्हणजे दोन बँटम मिळूनही एका नॉर्टनहून हलक्या! प्रत्येकीवर एक स्वार आणि वीस-पंचवीस किलो सामान ठेवले, तर प्रत्येक मागच्या चाकावरचा भार नॉर्टनच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी राहिला असता.

तरी हा पर्याय निर्विवाद नाही, आणि त्याचे तोटे झाकून सल्ला देणे बरे नव्हे. नॉर्टनची ढोबळ वीस अश्वशक्ती ३५० किलो ओढत होती. बँटमची साडेचार-पाच अश्वशक्ती १६० किलोच्या वर ओढणार. वजनाच्या मानाने हे बळ निम्मेच. समुद्रसपाटीवर त्याने फक्त वेळ जास्त लागतो. पण बेत खंडाच्या उत्तरेकडे जाण्याचा होता, आणि त्या वाटेवर पेरूचे पठार येते. तितिकाका सरोवराचा काठच ३,८०० मीटरच्या वर आहे आणि लिमाच्या मागची तिक्लिओ खिंड ४,८०० मीटरच्या वर. ४,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश उरते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही त्याच मानाने घटते. शिवाय कार्ब्युरेटर हवेला साजेसे पेट्रोल आपोआप कमी करत नाही; मिश्रणात पेट्रोल जास्त होते, धूर येतो, प्लग काळा पडतो, आणि पेट्रोल सोडणारे जेट लहान छिद्राचे बसवेपर्यंत गाडी रडत चालते. बँटमवरून त्या खिंडी गाठणाऱ्याला पहिल्या गिअरमध्ये, कधी शेजारून चालत जावे लागले असते. मात्र नॉर्टनलाही तिथे हे भोग चुकले नसते. जी गाडी मालेकोच्या चढावर बसली, तिची एक-तृतीयांश ताकद काढून घेतल्यावर अँडीजमध्ये तिचे काय झाले असते, याचा वेगळा हिशेब मांडावा लागत नाही. नॉर्टनने अँडीज ओलांडले ते दक्षिणेच्या सरोवरांच्या प्रदेशात, जिथे खिंड सुमारे हजार मीटरवर आहे आणि वाटेचा मोठा भाग बोटीवरून जातो. फेब्रुवारीच्या मध्यात त्यांनी ही वाट धरली, तेव्हा एका सरोवरावर गाडी लादलेल्या गळक्या तराफ्यातले पाणी उपसून त्यांनी भाडे फेडले.

दोन गाड्यांविरुद्ध दुसरा मुद्दा स्वारांच्या प्रकृतीचा आहे आणि तो नियोजनात फार क्वचित मोजला जातो. गव्हेराला दम्याचा जुना विकार होता, आणि पॅटागोनियात चोएले चोएल येथे तो तापाने रुग्णालयात पडला. एका गाडीवर दोघे असले, की आजारी माणूस मागे बसून पुढच्या गावापर्यंत जाऊ शकतो. दोन गाड्या असल्या तर दोघेही दररोज चालवण्याइतके धडधाकट असावे लागतात. तापलेला, अशक्त माणूस वाळूत स्वतःची गाडी सांभाळतो आहे, हे चित्र सुखाचे नाही. दोन गाड्यांची पंक्चरेही दोन गाड्यांची असतात. तिसरी गोष्ट केवळ बँटमपुरती : तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्याच कवचात असतो, ते फुटले तर दोन्ही गेले.

या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करूनही पारडे दोन सारख्या गाड्यांकडेच झुकते, आणि त्याचे मुख्य कारण ‘सारख्या’ या अटीत आहे. एकाच बनावटीच्या दोन गाड्यांना ट्यूब, चेनच्या कड्या, क्लचच्या प्लेटा, केबली आणि जेट यांचा एकच संच पुरतो. आणि अगदीच वेळ आली तर एक गाडी मोडून दुसरी चालू ठेवता येते. एका नॉर्टनजवळ ही शेवटची सोय नव्हती.

नॉर्टनच घ्यायची होती, तर? तेही अशक्य नव्हते. सामान निम्मे करून ते मागच्या आसाच्या पुढे, दोन्ही बाजूंना खाली लटकणाऱ्या पिशव्यांत आणि जड वस्तू टाकीवर ठेवायच्या. मागचे चाक नव्या, जाड स्पोकांनी बांधून घ्यायचे. गिअरबॉक्सचा पुढचा स्प्रॉकेट दोन दातांनी लहान करून चढासाठी ओढ वाढवायची. आणि रोज रात्री सांगाड्यावरचे बोल्ट पान्याने तपासायचे. यापैकी एकाही कामाला फार पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ, आणि तो निघण्यापूर्वीचा.

जे बरोबर जमले

ऋतू बरोबर निवडला गेला. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे दक्षिणेचा उन्हाळा. पॅटागोनियाच्या रस्त्यांना याहून बरा काळ नाही. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावरच्या मिरामारला गव्हेराच्या प्रेयसीच्या सहवासात दोन दिवसांचा मुक्काम आठ दिवसांवर गेला, तरी त्याने ऋतू हातचा गेला नाही. वेळापत्रकात इतकी सैल जागा असणे ही जुन्या गाडीच्या प्रवासातली चैन मानली जाते. खरे तर ती पेट्रोलइतकीच गरजेची असते.

पैशांची उणीव त्यांनी ज्या रीतीने भरून काढली, तीही दखलपात्र आहे. चिलीतल्या तेमुकोच्या स्थानिक वृत्तपत्राने १९ फेब्रुवारी १९५२ रोजी या दोघांवर कुष्ठरोगाचे तज्ज्ञ अशी बातमी छापली. ग्रानादोने कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात काम केलेले होते, त्यामुळे तो दावा अर्धा तरी खरा होता. ते कात्रण पुढे कार्यशाळेत, जेवणाच्या पंगतीत आणि मुक्कामाच्या दारात उपयोगी पडले. आपण कोण आणि कशासाठी निघालो हे दोन वाक्यांत सांगता येणे, आणि त्याला काही छापील आधार असणे, ही बाब सामानाच्या यादीत कुणी लिहीत नाही. पण या प्रवासात तिने पाने-हातोड्यापेक्षा जास्त दुरुस्त्या करून घेतल्या.

सर्वांत महत्त्वाचे, प्रवासाचा हेतू गाडीत अडकलेला नव्हता. खाणी, कुष्ठरोग्यांच्या वसाहती आणि खंडाचा उत्तर भाग पाहायचा होता. तो गाडीशिवायही पाहता आला. जूनमध्ये ते पेरूतील अॅमेझॉनकाठच्या सान पाब्लोच्या वसाहतीत होते, आणि तिथून पुढे त्यांच्यासाठी बांधलेल्या तराफ्यावरून निघाले. जुन्या गाडीवर निघणाऱ्या अनेकांचा हेतू नेमका याच्या उलट असतो : त्यांना तीच गाडी त्या ठिकाणी न्यायची असते, आणि तो हेतूही तितकाच रास्त आहे. पण मग योजना वेगळी होते. वाटेतल्या ठरावीक गावी सुटे भाग आधीच पाठवून ठेवावे लागतात, दिवस दीडपट धरावे लागतात आणि गाडी परत आणण्याचा खर्च स्वतंत्र मोजावा लागतो.

सोडण्याची वेळ

एकच निर्णय त्यांनी आधी लिहून ठेवायला हवा होता, आणि तो म्हणजे गाडी केव्हा सोडायची. माझ्या मते ती जागा सँतियागो नव्हे, लाउतारो होती. गिअरबॉक्सचे कवच फुटले आणि स्टिअरिंगही दुबळे झाले, तेव्हा गाडीचे दोन मुख्य भाग एकाच वेळी संशयास्पद झाले होते. त्यानंतर तिच्यावर दोघांनी बसणे ही प्रवासाची पुढची पायरी राहिली नाही, तो जिवाशी खेळ झाला. ब्रेकशिवाय उतरलेला तो उतार त्या निर्णयाचीच उधारी होती. अशा गाडीवर निघताना अट अगोदर ठरलेली असावी : सांगाडा, स्टिअरिंग किंवा गिअरबॉक्स यांपैकी काही रस्त्यात जोडून घ्यावे लागले, तर त्यानंतरचे पहिले शंभर किलोमीटर एकट्याने, सामानाशिवाय आणि सपाटीवर चालवून पाहायचे. त्यात काही सुटले, गळले किंवा वाजले तर गाडी तिथेच ठेवायची. त्यासाठी पुढच्या मोठ्या शहरापर्यंत दोघांचे भाडे वेगळ्या पाकिटात बाजूला काढलेले असले पाहिजे, आणि दुरुस्तीला हात घालताना त्या पाकिटाला हात लावायचा नाही, असे दोघांनी घरूनच ठरवून निघायचे.